कोटेशनमधलं ‘सॉइल’ म्हणजे कुंडीतली माती नव्हे

मागच्या उन्हाळ्यात कोथरूडला मावशीच्या सोसायटीत ड्रेनेजचे पाईप बदलायचं ठरलं. इमारत पस्तीस वर्षांची, मागच्या डक्टमधले बिडाचे पाईप गंजून जागोजाग पाझरत होते. तीन ठेकेदारांची कोटेशनं आली आणि मावशीने ती चष्मा लावून ओळ न ओळ वाचली. पहिल्या कागदावरच्या चौथ्या ओळीवर तिने बोट ठेवलं: ‘सॉइल पाईप 110 मिमी, 64 मीटर’. त्याच कागदावर खाली ‘सॉइल फिलिंग, 3 ब्रास’. मला म्हणाली, “अरे, गच्चीवरच्या बागेला माती मी माझ्या पैशाने आणते. मग सोसायटीच्या खर्चात ही माती कसली, आणि पाइपातून ती न्यायची कुठे?”

प्रश्न रास्त होता. वरच्या ओळीतलं सॉइल म्हणजे मैला, खालच्या ओळीतलं सॉइल म्हणजे खरोखरची माती. एकाच कागदावर एकच शब्द दोन अर्थांनी बसला होता, आणि सह्या करणाऱ्या अकरा सभासदांपैकी कुणीही त्याबद्दल विचारलं नव्हतं.

मी घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. शब्द कळला नाही म्हणून पैसे गेलेले आणि शेजाऱ्यांत अबोला आलेला मी बरेचदा पाहिला आहे. या शब्दांच्या जंगलात मला एक वाट सापडली आहे. कुठलाही शब्द आला की विचारायचं, इथे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? माती असो, पाईप असो की सातबारा, उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

आधी सॉइल पाईपच घेऊ. इंग्रजीत सॉइलचा दुसरा अर्थ घाण, विष्ठा. संडासाचं पाणी नेणारा तो सॉइल पाईप. न्हाणीघर, बेसिन आणि ओट्याचं सिंक यांचं सांडपाणी नेणारा वेस्ट पाईप. गच्चीवरचं पावसाचं पाणी उतरवणारा रेन वॉटर पाईप. दुकानातल्या करड्या पाइपावर ‘एसडब्ल्यूआर’ छापलेलं असतं ती या तिघांचीच आद्याक्षरं. मैल्याच्या खताला इंग्रजांनी ‘नाइट सॉइल’ म्हटलं, आपल्याकडे त्याला सोनखत म्हणत आले. मावशीला हा शब्द लहानपणापासून माहीत होता. तो आठवल्यावर सॉइल पाईप तिला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

आता पैशाची गोष्ट. हे एसडब्ल्यूआर पाईप भारतीय मानक 13592 नुसार दोन प्रकारांत येतात. टाइप ए पातळ, तो पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी. टाइप बी जाड, तो मैला आणि सांडपाण्यासाठी. 110 मिलिमीटरच्या पाइपात ए ची भिंत कमीत कमी 2.2 मिलिमीटर, तर बी ची 3.2. डक्टमध्ये चढवल्यावर खालून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मावशीकडचं सर्वांत स्वस्त कोटेशन नुसतं ‘एसडब्ल्यूआर पाईप’ एवढंच म्हणत होतं. विचारल्यावर कळलं, त्याने सगळीकडे ए धरला होता. तुमच्या कोटेशनमध्ये प्रकार लिहिलेला नसेल तर सही करण्याआधी तो लिहून घ्या, आणि माल आला की पाइपावरचा छाप स्वतः वाचा.

गच्चीचं पाणी मैल्याच्या लाइनीत सोडलेलं असेल तर तेही याच वेळी वेगळं करून घ्यावं. जुलैच्या एखाद्या सरीत चेंबर भरतं आणि वरच्या चार मजल्यांचं पाणी तळमजल्यावरच्या घरात संडासातून उलटं येतं. त्या घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर काय होतं ते मी पाहिलं आहे. एवढ्यासाठी वेगळा पाईप टाकायला कुणी का कू करू नये.

दुसरा शब्द ट्रॅप. न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या जाळीखाली असतो तो नहाणी ट्रॅप. हा आपला घरचाच शब्द, न्हाणीतून निघून बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांत जाऊन बसलेला. कमोडखाली पी ट्रॅप किंवा एस ट्रॅप, अक्षरासारखाच वळलेला. पी ट्रॅपचं तोंड मागच्या भिंतीकडे जातं आणि एस ट्रॅपचं सरळ खाली जमिनीत. नवा कमोड घेताना आपल्या घरी कोणता आहे हे पाहिलं नाही तर दुकानातून आणलेला कमोड परत न्यावा लागतो. बाहेर भिंतीलगत चौकोनी जाळीखाली असतो तो गली ट्रॅप. त्याचा गल्लीशी संबंध नाही. इंग्रजीत गली म्हणजे पन्हळ. सांडपाण्याचा पाईप चेंबरला मिळण्याआधी त्यातून जातो.

हे सगळे करतात एकच काम. वळणात थोडं पाणी अडवून धरतात. त्याला वॉटर सील म्हणतात आणि त्याची खोली साधारण 50 मिलिमीटर असते, म्हणजे तीनेक बोटं. ड्रेनेजमधला वायू आणि झुरळं यांच्या आणि तुमच्या घराच्या मध्ये एवढंच पाणी उभं असतं. मुलं परदेशी असलेली, महिनोन्महिने बंद असलेली घरं पुण्यात किती आहेत! दार उघडलं की कुबट घाण वास येतो आणि लोकांना वाटतं पाईप फुटला. बहुतेक वेळा सीलमधलं पाणी उन्हाळ्यात आटलेलं असतं. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून तासभर थांबावं. वास गेला तर प्लंबरला बोलावण्याचं कारण नाही. घर बंद करून जाताना जाळीवर प्लास्टिक पसरून त्यावर जड काहीतरी ठेवलं तरी पाणी बरंच टिकतं.

पाणी रोज वापरूनही वास येत असेल तर दोष बहुधा हवेच्या पाइपात असतो. वरच्या मजल्यावर फ्लश केला की खाली धावणारं पाणी मागे पोकळी करतं आणि वाटेतल्या ट्रॅपचं पाणी ओढून नेतं. म्हणून गच्चीच्या वर उघडं तोंड असलेला व्हेंट पाईप लागतो. ही अडचण पुण्याला नवी नाही. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजच्या तलावातून शहरात नळ आणला, तेव्हा वाटेत जागोजाग हवा सुटायला उंच दगडी मनोरे बांधले. त्यांना उच्छ्वास म्हणतात. व्हेंटसाठी याहून नेमका शब्द मला कुठल्या भाषेत आढळलेला नाही. गच्चीवर शेड घालताना व्हेंटचं तोंड बुजवणाऱ्याला मी एवढंच सांगतो, की दादा, इमारतीचं नाक दाबू नका.

आणि पुण्याच्या पायाखालीही ट्रॅपच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं, त्याला भूशास्त्रात डेक्कन ट्रॅप म्हणतात. हा ट्रॅप स्वीडिश भाषेतल्या पायरी या शब्दावरून आला. सिंहगडाच्या उतारावर त्या पायऱ्या लांबूनही दिसतात. बोअरवेलवाल्याच्या कागदावर ट्रॅप आला तर तो काळा पाषाण, न्हाणीघरातला नव्हे.

प्लंबर हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरून आला. रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करत. गवंड्याच्या ओळंब्याला इंग्रजीत प्लंब म्हणतात तेही त्याच शिशाच्या वजनामुळे. म्हणून एखादा इंजिनिअर ‘भिंत प्लंबमध्ये नाही’ म्हणाला तर नळवाल्याला शोधू नका. भिंत ओळंब्यात नाही, एवढंच तो सांगतो आहे.

मावशीची गच्चीवरची बाग मात्र मला काळजीची वाटली. तिने एका कडेला विटांचा वाफा करून त्यात फूटभर माती भरली होती. ओल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण दीड ते दोन टन. एक चौरस मीटरवर 30 सेंटिमीटर माती भिजली की अर्धा टन झाली. माणसांच्या वावरासाठी असलेली गच्ची मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 150 किलो वापराच्या भारासाठी धरलेली असते. मी हा हिशोब तिच्या वहीत मांडून दाखवला. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “म्हणजे खालच्यांच्या डोक्यावर मी हे ठेवलंय?” त्याच आठवड्यात आम्ही वाफा मोडला. आता तिच्याकडे पालापाचोळा, कोकोपीट आणि थोडीशी माती यांच्या हलक्या कुंड्या आहेत, त्याही तुळईच्या आणि भिंतीच्या रेषेवर.

वाफा काढल्यावर खालचा कोबा दिसला. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा तो जाड थर, ज्याच्यामुळे गच्चीतून पाणी झिरपत नाही. गच्चीची जमीन आणि कठड्याची भिंत मिळते तिथला गोलसर काठ म्हणजे वाटा. पाणी पाइपाच्या तोंडाकडे वाहावं म्हणून दिलेला उतार म्हणजे ढाळ. हे तीन शब्द ज्याला येतात त्याला गच्चीचा ठेकेदार फसवू शकत नाही. गच्ची गळते तेव्हा बहुतेकदा वाटा फुटलेला असतो किंवा ढाळ हरवलेला असतो, आणि लोक मात्र सगळ्या गच्चीवर रंगासारखं रसायन फासून घेतात. नवं काम झाल्यावर पाइपाची तोंडं बंद करून गच्चीत दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवायला सांगा. खालच्या छताला ओल आली नाही तरच शेवटचा हप्ता द्या.

मातीतही पाण्याचाच प्रश्न. नर्सरीत ‘लाल माती’, ‘पोयटा’, ‘काळी’ असे शब्द येतात. लाल माती पश्चिमेकडच्या जास्त पावसाच्या डोंगरी भागातली, पाणी सोडून देणारी. काळी माती पाणी धरून बसणारी आणि पुण्यात बहुधा चुनखडीची, म्हणून विम्लधर्मी, म्हणजे अल्कलाइन. जास्वंदाची किंवा गुलाबाची नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर बरेचदा लोह मातीत असतं पण अशा मातीत झाडाला ते घेता येत नाही. नव्या इमारतीभोवती गाडलेल्या राडारोड्यातल्या सिमेंट-चुन्याने हे आणखी वाढतं. पोयटा म्हणजे नदीकाठची किंवा ओढ्याकाठची मधली माती, ना फार चिकट ना फार भुसभुशीत.

आपल्या मातीत काय आहे ते बघायला काचेची उंच बाटली पुरते. तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर टाकून पाच मिनिटं जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. मिनिटभरात तळाला बसते ती वाळू. काही तासांत तिच्यावर साचतो तो गाळ. दुसऱ्या दिवशीपर्यंत गढूळ राहून सावकाश खाली येते ती चिकणमाती, जिचा कण 0.002 मिलिमीटरहूनही बारीक असतो. तीन पट्टे पट्टीने मोजले की मातीचा पोत कळला.

आणि एक शब्द शेतकऱ्याकडून घ्यावा: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जादाचं पाणी निथळून जातं, मातीत ओल राहते आणि पोकळ्यांमध्ये हवाही शिरते, ती अवस्था. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, पण बोटाने टोचला की फुटतो. मुळांना पाणी आणि हवा दोन्ही लागतात. पुण्यातल्या कुंड्यांमधली झाडं तहानेने मरतात त्यापेक्षा जास्त वाफसा न मिळाल्याने मरतात, असं माझं पक्कं मत झालं आहे. रोज सकाळी बाटलीभर पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून पाहिलं तर कितीतरी झाडं वाचतील.

हे सगळं चाललं असतानाच मावसभावाने खेड शिवापूरच्या बाजूला घरासाठी जमीन पाहिली. त्याने सातबारा फोनवर पाठवला आणि लिहिलं, “आकार बघ, किती कमी आहे.” सातबाऱ्यावरचा आकार म्हणजे शेतसाऱ्याची आकारणी, ती रुपये-पैशांत असते. जमिनीचं माप क्षेत्र या रकान्यात हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेलं असतं. एक आर 100 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 1076 चौरस फूट. गुंठा 1089 चौरस फुटांचा. बोलताना लोक दोन्ही एकच धरतात, पण दहा गुंठ्यांमागे सुमारे 126 चौरस फुटांचा फरक पडतो, तेव्हा खरेदीखतात कोणतं माप आहे ते पाहावं. पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा. ‘अ’ वर्गात खडकाळ, नापीक भाग येतो. ‘ब’ वर्गात रस्ता, पाण्याचा प्रवाह अशा सार्वजनिक वापराचा. प्लॉटात ‘ब’ दिसला तर आत कुठलातरी ओढा किंवा वाट आहे असं समजून जागेवर जाऊन ती शोधावी.

ओढ्याकाठची जमीन असेल तर पूररेषा विचाराच. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने पुण्यात जे केलं, त्यानंतर ‘इथे तर कधी पाणी येत नाही’ या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही.

भावाच्या जमिनीत ओढा नव्हता, काळी माती होती. मे महिन्यात तिला पडलेल्या भेगांत त्याचा हात मनगटापर्यंत गेला. शेतीला ही माती लक्ष्मी, घराच्या पायाला मात्र जड जाते. तिच्यातलं खनिज पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. वर बांधलेलं हलकं घर वर्षातून एकदा उचललं जातं, एकदा खाली बसतं आणि भिंतींना तिरक्या, पायऱ्यांसारख्या चिरा जातात. भिंतीलगत बाग करून एकाच बाजूला रोज पाणी घातलं तर ती एकच बाजू उचलली जाते. म्हणून काळ्या मातीत घराभोवती बाहेर उतार असलेली मीटरभर रुंद काँक्रीटची पट्टी करतात, आणि झाडं तिच्याही पलीकडे.

काळीखाली बहुधा मुरूम लागतो, म्हणजे कुजलेला, भुसभुशीत झालेला काळा दगड. त्याखाली मांजऱ्या नावाचा मऊ खडक, त्याखाली पाषाण. पाया मुरमावर किंवा खडकावर टेकवायचा आणि वर भराव मुरमाचाच करायचा, वीतभराच्या थरांनी, पाणी मारून, धुमसाने किंवा रोलरने ठोकून. खोदाईचे दर मात्र थरागणिक बदलतात: माती, मऊ मुरूम, कडक मुरूम, मऊ खडक, कठीण खडक. भांडणं होतात ती इथे, कारण खड्डा बुजला की काय लागलं होतं याला साक्षीदार उरत नाही. प्रत्येक थर लागला की टेप धरून फोटो काढून ठेवा. आणि ब्रासचा घोळ लक्षात असू द्या. मुरूम, वाळू, खडीचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, गिलाव्याचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट.

ड्रेनेजची लाइन नसलेल्या ठिकाणी सेप्टिक टँक आणि त्यापुढे शोषखड्डा लागतो. मैला टाकीत कुजतो आणि वरचं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं. काळ्या मातीत पावसाळ्यात ते मुरतच नाही, म्हणून खड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो. पिण्याच्या विहिरीपासून तो किमान 18 मीटर लांब हवा. भावाच्या नकाशात हे अंतर 9 मीटर होतं. शोषखड्डा आम्ही प्लॉटच्या खालच्या कोपऱ्यात हलवला.

मातीचा अहवाल येईपर्यंत त्याला राहवेना, म्हणून मावशीच्या ओट्यावर आम्ही प्रयोगशाळेतली फुगवटा चाचणी घरच्या घरी करून पाहिली. सुकवून, कुटून, बारीक चाळणीने चाळलेली माती, दहा-दहा ग्रॅम, दोन मोजनळ्यांत. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलने माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रॉकेलमधली माती 8 च्या खुणेवर होती, पाण्यातली 14 वर. भावाने दोन्ही नळ्या उजेडात धरून तीनदा पाहिल्या आणि ठेकेदाराला फोन लावला, “पायाची चार फूट खोदाई धरू नका. मुरूम लागेल तिथपर्यंत जाऊ.” मुरूम सात फुटांवर लागला. टेप धरून काढलेला तो फोटो त्याने सातबाऱ्याच्या फाइलीत लावून ठेवला आहे.